वाचकांचे प्रश्न : मिशन शाळेतला ‘अ-१’

प्रश्न : मुलगा मिशनच्या शाळेत इंग्रजी माध्यमातून तिसरीत शिकतो. प्रगतिपुस्तकात सगळीकडे अ-१ नाहीतर अ-२. पण घरी नवं पुस्तक हातात दिलं की अडखळतो, मराठीला तर हातच लावत नाही. शाळा खोट्या श्रेणी देते का? – एक पालक, कराड

उत्तर : खोट्या नसाव्यात. त्या कशाच्या आहेत ते बघायला हवं. शाळा राज्य मंडळाची असेल तर तिसरीला १०० पैकी ६० गुण आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाचे आणि ४० संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, असतात. आकारिकात तोंडीकाम, प्रकल्प, वर्गकार्य, गृहपाठ येतो. त्यातला प्रकल्प कितीतरी घरांत आई रात्री अकराला चिकटवत बसलेली असते. ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२. संकलितच्या पेपरातही पुस्तकातलेच उतारे आले, तर पाठांतरावर मूल तिथेही निभावून नेतं.

तेव्हा चाचणी घरीच घ्या. मुलाने कधी न पाहिलेला, दुसरी-तिसरीच्या तोडीचा शंभरेक शब्दांचा मराठी उतारा घ्या. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि मोठ्याने वाचू द्या. मध्ये दुरुस्त करायचं नाही. आपल्याजवळच्या प्रतीवर चुकलेल्या आणि सुटलेल्या शब्दांखाली नुसती रेघ मारायची. मिनिटात ७० शब्दांपर्यंत पोचला, ९ चुकले, म्हणजे ६१. तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, हे केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या वाचन-गणिताच्या मोहिमेचं उद्दिष्ट आहे. मग चार प्रश्न विचारा : दोनांची उत्तरं उताऱ्यात सरळ असावीत, दोन ‘त्याने असं का केलं असेल?’ अशा धर्तीचे. आकडा ६१ आला, पण उत्तर एकाचंच आलं, तर मूल अजून नुसतं उच्चारतंय. इंग्रजीला मात्र हा आकडा लावू नका. घरात जी भाषा कानावर पडत नाही, तिच्यात आधी समज तपासा, वेग नंतर.

आकड्यापेक्षा चुका जास्त सांगतात. ‘सूर्य’चा ‘सूय’, ‘प्रकाश’चा ‘पकाश’ होत असेल तर रफार-जोडाक्षरांचा टप्पा मागे राहिलाय. रोज पंधरा मिनिटं तेवढंच घ्या. इंग्रजीत ‘हाऊस’च्या जागी ‘हॉर्स’ वाचत असेल तर पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकतोय, अक्षर आणि आवाज यांची जोडणी कच्ची आहे. गणितात ५२ वजा २७ उभी मांडून द्या. उत्तर ३५ आलं, तर तो सरळ मोठ्या अंकातून लहान अंक काढतोय. हातच्याची रीत शिकवली असेलही, पण दशक सुटा केला की दहा एकक होतात हे डोक्यात बसलेलं नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा आणि एक गठ्ठा त्याला स्वतःच्या हाताने सोडायला लावा.

हे सगळं तारखेसह वहीत टिपा, सहा आठवड्यांनी नव्या उताऱ्यावर पुन्हा घ्या. वही घेऊन वर्गशिक्षिकेला भेटा, पण पालकसभेच्या गर्दीत नको. वेगळी वेळ मागून घ्या. ‘हुशार आहे का हो?’ या प्रश्नाला कुठल्याही बाई ‘हो’च म्हणतील. ‘याची पुढची पायरी कोणती, आणि वर्गात तिच्यासाठी काय चाललंय?’ असं विचारा. मराठीचं म्हणाल, तर २०२० च्या कायद्याने ती राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत सक्तीची आहे. ‘ते घरी बघा’ हे उत्तर चालायचं नाही.

प्रश्न : मुलीला पहिलीत मिशनच्या शाळेत घालायचं आहे. शिस्त छान म्हणतात. शिकवणं कसं आहे ते कसं कळणार? – मिरज

उत्तर : मिरजेत ‘मिशन’ या शब्दाची पुण्याई मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांच्या दवाखान्यापासूनची आहे. वर्गात काय शिकवतात याचा तो पुरावा नव्हे. प्रवेशाच्या दिवशी न जाता शाळा चालू असताना जा आणि दुसरीच्या तीन वह्या बघायला मागा. पहिल्या नंबराच्या नकोत, मधल्या मुलांच्या. तिन्हींत शब्दन् शब्द तेच उत्तर असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. लाल खूण आहे, पण मुलाने खाली दुरुस्ती केलेली नाही, म्हणजे तपासणी वहीपुरतीच झाली. जूनचं आणि दिवाळीनंतरचं पान शेजारी ठेवा. वाक्यं लांबलीत का, चुका बदलल्यात का, की त्याच आहेत?

पटही विचारा. शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिकला एका शिक्षकामागे ३० मुलं धरली आहेत. मिशनच्या शाळांसारख्या अल्पसंख्याक शाळांना तो कायदा २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लागू होत नाही, पण तुलनेला आकडा चांगला आहे. आणि गेल्या दोन वर्षांत त्या वर्गाला किती बाई बदलल्या, हे जरूर विचारा. एकाच आवारात मराठी माध्यम अनुदानित आणि इंग्रजी विनाअनुदानित असेल, तर इंग्रजीकडे पगार बहुधा कमी असतो आणि शिक्षक वर्षाच्या मध्यातच सोडून जाऊ शकतात. दर बदलीला मुलं कुठवर आलीत हे नव्या बाईंना पुन्हा शोधावं लागतं.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. प्रार्थनेला मुलाने बसलंच पाहिजे का? – वाई

उत्तर : नाही. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. मुख्याध्यापकांना दोन ओळींचं पत्र द्या, पोच घ्या आणि तेवढा वेळ मूल कुठे बसेल हेही ठरवून घ्या. नाहीतर व्हरांड्यात उभं राहतं आणि त्याला ती शिक्षाच वाटते.

प्रश्न : आमच्या चर्चच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो, तरी पालक कुरकुरतात. मी शाळा समितीवर आहे. काय तपासू? – सांगली

उत्तर : हजेरीपट काढा. समजा, दोन वर्षांपूर्वी आठवीत ६२ मुलं होती आणि दहावीला शाळेतर्फे ५१ बसली. सगळी पास, निकाल शंभर टक्के. पण ६२ पैकी ५१ म्हणजे ८२ टक्के. उरलेली ११ कुठे गेली? बदलीमुळे किती, नववीत किती अडकली, दाखला काढून नेण्याचा ‘सल्ला’ किती जणांना मिळाला, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून किती बसली, हे नावानिशी लिहून काढा. शिष्यवृत्तीच्या यादीलाही हीच चाळणी लावा. निवडक वीस मुलांची जादा तुकडी चालवली, तर त्या यादीतून उरलेल्या चाळीसांचं काहीच कळत नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत निकालपत्रकाशेजारी ही अकरा नावं ठेवा.