फ्लोरिडात पाणपक्षी आणि मगरी पाहायला, फोटो काढायला कुठे जावं? मोठी लेन्स आणावी का?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीच्या शेवटी मुलीकडे ऑर्लँडोला येताय, दहाएक दिवस हाताशी आहेत, गाडीने फिरायची तयारी आहे, भिगवणला बोटीतून फोटो काढायचा सराव आहे आणि १५०-६०० मिमीची लेन्स उचलून आणावी की नाही हे ठरत नाहीये. मी दक्षिण फ्लोरिडात राहतो आणि हिवाळ्यातले शनिवार-रविवार याच नादात घालवतो, तेव्हा जरा ऐसपैस उत्तर देतो.

वेळ तुम्ही अगदी बरोबर निवडलीत. इथे ऋतू खरे दोनच, ओला आणि कोरडा. मे ते ऑक्टोबर पाऊस, उकाडा आणि डास. तेव्हा पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे मासे पांगतात आणि त्यांच्यामागे पक्षीही. नोव्हेंबरपासून पाणी उतरायला लागतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत दक्षिण टोकाच्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचं गवताळ रान कोरडं पडत जातं, उरलेल्या खोलगट डबक्यांत मासे अडकतात आणि बगळे, शराटी, कासवं, मगरी सगळे तिथे गोळा होतात. त्यातली कित्येक डबकी मगरींनीच चिखल उकरून खोल केलेली असतात. उजनीचं पाणी उतरलं की भिगवणला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून ‘टॉप टेन’ जागांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा त्या आठवड्यात पाणी कुठे कितपत उतरलंय ते बघा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या जागेच्या गेल्या चार-पाच दिवसांतल्या नोंदी चाळल्या की अंदाज येतो. मध्येच जोराचा पाऊस झाला तर कालपर्यंत गजबजलेलं तळं ओस पडतं.

हे सगळ्यात नीट कळतं ते वुड स्टॉर्ककडे बघून. आपल्या चित्रबलाकाचाच हा जवळचा भाऊबंद. डोकं मात्र टकलं, खरबरीत, काळपट. गढूळ पाण्यात चोच अर्धवट उघडी बुडवून तो चालत राहतो. माशाचा स्पर्श झाला की चोच मिटते, साधारण सेकंदाच्या चाळिसाव्या भागात. डोळ्यांचं कामच नाही. पण या पद्धतीत मासे दाटीने असावे लागतात. ऐन विणीत अवकाळी पाऊस पडून पाणी चढलं की मासे पांगतात, पिल्लांना पुरेसं अन्न मिळत नाही आणि आई-बाप घरटी सोडून जातात. १९८४ साली हा पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेला, २०१४ मध्ये त्याची एक पायरी सुधारली. शहरांच्या कडेला माणसांनी बांधलेल्या पाणथळ जागांचा त्याला आधार झालाय, आणि तुम्ही सगळ्यात आधी जावं असं मला वाटतं ती जागा तसलीच आहे.

डेलरे बीचजवळचं वाकोडाहॅची वेटलँड्स. ऑर्लँडोहून अडीच-तीन तास. प्रत्यक्षात हे सांडपाणी प्रक्रियेचं शेवटचं टोक: प्रक्रिया झालेलं पाणी सुमारे ५० एकरांच्या तळ्यांत सोडतात आणि त्यावरून लाकडी फळ्यांची पायवाट नेली आहे. प्रवेश फुकट. फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ्यातल्या बेटांवरची झाडं घरट्यांनी लगडलेली असतात आणि काही घरटी कठड्यापासून इतकी जवळ की ६०० वर पक्ष्याचं फक्त डोकं मावतं. नर स्टॉर्क काटकी घेऊन येतो, मादी ती उलटीपालटी करून बघते, खोचते, पुन्हा उपसते. मोठा बगळा हा तर आपल्याकडचाच. विणीच्या दिवसांत त्याच्या डोळ्यापुढची कातडी पोपटी हिरवी होते आणि पाठीवरची पिसं झिरमिळ्यांसारखी पसरतात. खाली पाण्यात मगर पडून असते. पक्षी तिला घाबरून दुसरीकडे का जात नाहीत? कारण ती असली की अंडी-पिल्लं पळवणारे रॅकून झाडापर्यंत पोहत यायला धजत नाहीत. एखादं पिल्लू खाली पडलं की तिचं भाडं वसूल.

तिथून थोड्याच अंतरावर ग्रीन के. तीही तशीच जागा, पण मोठी आणि मोकळी. तिथे पर्पल गॅलिन्यूल शोधा: निळा-जांभळा-हिरवा रंग, लाल चोचीला पिवळं टोक, पिवळे लांब पाय. फायर फ्लॅग नावाच्या उंच झाडोऱ्याच्या दांड्यावर तो चढतो आणि दांडा वाकून पाण्याला टेकेपर्यंत फुलं खात बसतो. त्याच्याच आसपास एक धिप्पाड, राखी डोक्याची पाणकोंबडी दिसली तर दचकू नका, ती आपलीच जांभळी पाणकोंबडी. १९९० च्या दशकात कुणाच्या तरी संग्रहातून सुटलेल्या पक्ष्यांची ही प्रजा. २००६ नंतर दोन-तीन वर्षं त्यांना मारून संपवायचा प्रयत्न झाला, जमलं नाही. भिगवणला तिचे भरपूर फोटो काढले असतील, तेव्हा इथे कार्ड त्यावर खर्च करू नका.

एव्हरग्लेड्सला किमान एक मुक्काम ठेवा. होमस्टेडच्या बाजूने आत शिरलात की रॉयल पामला अ‍ॅनहिंगा ट्रेल लागते, दीड किलोमीटरही नाही. अ‍ॅनहिंगा म्हणजे आपल्या तिरंदाज पक्ष्याचा भाऊबंद. सकाळी लवकर जा आणि एकाच कठड्याशी उभे राहा. तो बुडतो, चोचीने मासा आरपार भोसकतो आणि वर येतो. मग खरी कसरत सुरू होते: मासा चोचीत रुतलेला, तो सुटायला हवा, आणि गिळायचा तो डोक्याकडूनच. पक्षी मान झटकतो, मासा फांदीवर आपटतो, हवेत उडवतो, झेलतो. कधी मासा निसटून पाण्यात पडतो आणि शेजारी टपलेल्या बगळ्याची चैन होते. हा सगळा खेळ दोन-तीन मिनिटं चालतो. शटर १/१६०० च्या खाली नको, आणि मासा उडणार त्यासाठी वर जागा सोडून चौकट धरा. नर काळाभोर, मादीची मान आणि छाती बदामी. विणीच्या काळात दोघांच्याही डोळ्याभोवती निळसर हिरवं कडं येतं.

याच पार्किंगमध्ये काळी गिधाडं गाड्यांचे वायपर आणि काचेभोवतीचं रबर उपसून खातात. उद्यानाने त्यासाठी ताडपत्र्या ठेवल्या आहेत, त्या गाडीवर बांधा. भाड्याच्या गाडीला तर नक्कीच.

तोच रस्ता साठेक किलोमीटर पुढे फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणी समुद्राला भिडतो. नावावर जाऊ नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इडालिया वादळाबरोबर फ्लेमिंगोंचे थवे फ्लोरिडात आले खरे, पण हमखास फ्लेमिंगो हवे असतील तर ठाण्याची खाडी बरी. लांबून गुलाबी काही दिसलं तर तो बहुधा गुलाबी चमचा (स्पूनबिल पक्षी) असतो. फ्लेमिंगोच्या धक्क्यावर मात्र एक दुर्मीळ योग साधतो. अ‍ॅलिगेटर आणि क्रोकोडाइल हे मगरींचे दोन प्रकार जंगलात एकत्र राहतात असं जगातलं ठिकाण म्हणजे दक्षिण फ्लोरिडा. अ‍ॅलिगेटर काळपट, रुंद तोंडाचा. क्रोकोडाइल राखट, निमुळत्या तोंडाचा, तोंड मिटल्यावरही खालचा दात बाहेर दिसणारा. धक्क्याशेजारच्या पाण्यात मॅनेटी म्हणजे समुद्रगाईही येतात. डासांचं म्हणाल तर तिथल्या माहिती केंद्रात डासमापक लावलेला असतो, यावरून काय ते समजा. कोरड्या दिवसांत निभावतं, पण पूर्ण बाह्यांचा शर्ट असू द्या.

ज्या बगळ्यांचे तुम्ही फोटो काढणार त्यांच्या पाठीवरच्या त्या झिरमिळ्या बायकांच्या टोप्यांवर खोवण्यासाठी इथल्या वसाहतीच्या वसाहती मारल्या गेल्या. पिसं विणीतच येतात, म्हणजे मोठे पक्षी मेले की घरट्यातली पिल्लंही गेली. ते रोखायला नेमलेला वनरक्षक गाय ब्रॅडली १९०५ च्या जुलैमध्ये याच फ्लेमिंगोजवळ गोळी लागून मेला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९०३ मध्ये, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पूर्व किनाऱ्यावरचं पेलिकन आयलंड राखीव केलं होतं. अमेरिकेतलं ते पहिलं राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान.

एव्हरग्लेड्समधल्याच शार्क व्हॅलीला शार्क नाहीत आणि व्हॅलीही नाही. २४ किलोमीटरचा सपाट वळसा, मधोमध मनोरा. खासगी गाड्यांना बंदी. ट्राम किंवा सायकल. मगरी थेट रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात, त्यामुळे ज्यांना मगरीच हव्यात त्यांनी इथे यावं. पण ट्राम आपल्या वेळेने चालते, तेव्हा फोटोवाल्यांनी सायकल घ्यावी किंवा सुरुवातीचा टप्पा पायीच करावा.

ऑर्लँडोजवळ राहून करायचं असेल तर मेरिट आयलंडचा ब्लॅक पॉइंट वाइल्डलाइफ ड्राइव्ह, तासाभराच्या अंतरावर, केनेडी अंतराळ केंद्राच्या शेजारी. साधारण ११ किलोमीटरचा एकेरी कच्चा रस्ता. इथे गाडी हेच तुमचं लपणगृह: काच खाली, इंजिन बंद, लेन्स दारावर टेकवलेली. उतरलात की बदकं उडालीच. तांबूस बगळा दिसला तर थांबा, तो उथळ पाण्यात पंख उभारून दारू प्यायल्यासारखा झिंगत शिकार करतो. दुसरी जागा लेक अपोप्का. तिथे पूर्वी भाजीपाल्याची शेतं होती. ती विकत घेऊन पुन्हा पाण्याखाली आणली तेव्हा, १९९८-९९ च्या हिवाळ्यात, मातीतल्या जुन्या कीटकनाशकांमुळे शेकडो मासेखाऊ पक्षी मेले. बऱ्याच साफसफाईनंतर आज तिथून गाडीने फिरता येतं. सॅनिबेल बेटावरचं डिंग डार्लिंग अभयारण्य गुलाबी चमच्यांसाठी प्रसिद्ध आहे, मात्र ओहोटीची वेळ बघून जा. भरतीला नुसतं पाणी दिसतं.

आता लेन्स. १०० ते ४०० ची असेल तर तीच आणा, लाकडी पायवाटांवर ती पुरून उरते. १५०-६०० च असेल तर आणाच, मेरिट आयलंडला लागेल, पण सोबत एखादी ७०-२०० किंवा तत्सम हवी. ट्रायपॉड घरी ठेवा. पायवाट अरुंद असते आणि शेजारून कुणी चाललं तरी फळ्या हादरतात. पांढरे बगळे उन्हात फोटोत सहज जळतात, म्हणजे पिसांचा तपशील उडतो. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या, आणि लगेच काळा अ‍ॅनहिंगा समोर आला तर ते परत वर न्यायला विसरू नका. एसी गाडीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर इथल्या दमट हवेत लगेच वाफ धरते. बॅग डिकीत ठेवत जा, म्हणजे काच बाहेरच्या हवेच्या जवळपास राहते. नऊनंतर ऊन कडक होतं, तेव्हा सरळ नाश्त्याला जा.

एअरबोटींच्या (मागे मोठा पंखा लावलेल्या होड्यांच्या) जाहिराती जागोजागी दिसतील. नातवंडांना मजा येते, पण त्या आवाजात पक्ष्यांचे फोटो कुठले?

मगरींपासून किमान पंधरा फूट. त्यांना खायला घालणं इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. माणूस म्हणजे खाणं हे मगरीला एकदा कळलं की शेवटी मगरीलाच मारावं लागतं. पिवळ्या पट्ट्यांची वीतभर पिल्लं दिसली तर पुढे वाकू नका, आई तिथेच कुठेतरी असते. राष्ट्रीय उद्यानांत ड्रोनला बंदी आहे, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही चालत नाही. एव्हरग्लेड्सचं प्रवेशशुल्क निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा, आणि आपला पासपोर्ट भारतीय असल्याने परदेशी पाहुण्यांसाठी काय लिहिलंय तेही.

वार ठरवताना एवढं ध्यानात ठेवा: डिंग डार्लिंगचा गाडीरस्ता शुक्रवारी बंद असतो, आणि अपोप्काचा फक्त शुक्रवार ते रविवार व सरकारी सुट्ट्यांना उघडा. तेव्हा पहिला शनिवार-रविवार मुलीकडे राहून अपोप्का आणि मेरिट आयलंड उरका, सोमवारी दक्षिणेला निघा.