गॅरेजच्या दारात : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार दादा, मी ठाण्यात कोपरीला राहतो. वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिन एकदम ओके, पण ड्रायव्हर साइडच्या दाराखालचा पत्रा फुगलाय आणि परवा जॅक लावला तर जॅकच आत घुसला. एक गॅरेजवाला म्हणतो वरून पत्रा मारून लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून देतो, दोन दिवसात गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो कापायला लागेल, महिना लागेल आणि खर्च जवळजवळ चौपट. आई म्हणते आता विकून टाका. कोणाचं ऐकू?

उत्तर : दुसऱ्याचं ऐका. आणि आईंना सांगा, एवढ्यात विकू नका, कारण इंजिन चांगलं असलेली पद्मिनी आता सहज मिळत नाही. आपल्याच कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. त्यामुळे घरात एक आहे तर ती नीट ठेवण्यासारखी आहे असं मला मनापासून वाटतं.

आता जॅकचं. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नसते, बॉडी हीच चेसिस, आणि दाराखालचा तो सिल (काही गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात) हा आतून पोकळ डबा असतो, गाडीचं वजन पेलणारा. जॅक आत गेला म्हणजे तो डबा आतून संपलाय. तुम्हाला बाहेरून जो फुगवटा दिसतो ना तो सगळ्यात शेवटी येतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की तो पत्रा बाहेर ढकलतो, तोपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

वरून पत्रा मारला तर काय होतं ते मी आमच्या घरच्या गाडीवर बघितलंय. बाबांनी एका गॅरेजात असंच काम करून घेतलं होतं, वरून मस्त गुळगुळीत, रंगही मॅच. तीन पावसाळ्यांनी मी ग्राइंडर लावला तर आधी बोटभर जाड लांबी निघाली, मग फायबरचं कापड, त्याच्याखाली नवा पत्रा, आणि त्याच्याखाली जुना सडका सिल तसाच, हाताने दाबला की बिस्किटासारखा चुरा होत होता, आणि आत ओली तपकिरी माती ठासून भरलेली. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकलं होतं आणि त्याने नवा पत्रापण आतल्या बाजूने खाल्ला. बाबा काही बोलले नाहीत, नुसते त्या चुऱ्याकडे बघत बसले. म्हणून सांगतो, कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं, त्याला दुसरा रस्ता नाही.

कुठपर्यंत कापायचं ते कसं कळणार? छोट्या हातोडीने वाजवत जा, चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भद्द वाजतो. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. आणि मॅट उचलून आतली जमीन, दाराच्या बिजागऱ्यांखालचा खांब, मागच्या चाकाच्या कमानीचा आतला भाग हेही बघा, कारण सिल गेला असेल तर शेजारी क्वचितच शाबूत असतात.

कापायच्या आधीची एक गोष्ट अजिबात विसरू नका, दुसरा गॅरेजवाला ही करतो का तेवढं विचारा. सिल कापला की बॉडी मधोमध खाली बसू शकते, मग दार लागत नाही. म्हणून गाडी सपाट जमिनीवर नीट आधार देऊन ठेवायची, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप टाका (वेल्डिंगचा छोटा ठिपका) मारून तात्पुरता जोडायचा, आणि दाराची फट वर, खाली, मध्ये मोजून लिहून ठेवायची. एका वेळी एकच बाजू. काम चालू असताना मधेमधे दार लावून बघायचं. हे विचारल्यावर जो माणूस वैतागतो त्याच्याकडे गाडी देऊ नका.

पत्रा सीआरसीचा (कोल्ड रोल्ड, म्हणजे जस्त न चढवलेला साधा पोलादी) घ्या, साधारण एक मिलिमीटरचा, सिलला थोडा जाड चालेल. जीआयचा पत्रा वेल्ड करू नका, त्याच्यावरचा जस्ताचा थर जळून जो पांढरा धूर निघतो त्याने रात्री थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंग सीओटू म्हणजे मिग मशिनचंच (गनमधून वायर आपोआप पुढे येते ते), साधं होल्डरवालं नको, एवढ्या पातळ पत्र्याला ते भोकं पाडतं. गॅस वेल्डिंगवाले जुने मिस्त्री अजून सापडतात आणि त्यांचा हात खरंच बघण्यासारखा असतो, त्यांचा जोड मऊ राहतो, हातोडी आणि डॉलीने (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) ठोकून सरळ करता येतो, पण उष्णता लांबपर्यंत पसरते त्यामुळे मोठ्या सपाट भागाला ते जपूनच.

जोड कडेला कड असा, मध्ये साधारण पत्र्याच्या जाडीएवढी फट. सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा पार तिकडच्या टोकाला, तिसरा मध्ये, असे इंच-इंचावर, आणि हात लावता येईल इतकं गार झाल्यावर मधली जागा भरायची. पाणी मारून गार करायचं नाही, आपोआप होऊ द्यायचं. घाई केली की पत्रा नागमोडी होतो आणि मग ते झाकायला परत लांबीच, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. महिना लागेल म्हणतो त्यात बराचसा वेळ हा असाच जातो.

बॅटरीच्या वायर काढून ठेवा, पेट्रोलची लाइन गाडीच्या तळाखालून मागून पुढे येते ती काढायला लावा, सीट आणि मॅट बाहेर. खालचं डांबरी कोटिंग आणि आतला नमदा धुमसत राहतो, म्हणून काम संपल्यावर तासभर तरी कोणीतरी गाडीपाशी थांबायलाच हवं, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवून.

आणि शेवटी आतून. वेल्डच्या मागच्या बाजूचा रंग जळलेला असतो, गंज परत तिथूनच सुरू होतो. बाहेर ईपॉक्सी प्रायमर, जोडांना सीलंट, आणि सिलच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण). सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं उघडी ठेवायची, उत्साहात तीही बुजवतात लोक.

प्रश्न : नेरुळला खाडीजवळ राहतो, जुनी अँबेसेडर आहे. गंजावर लावायचं ते काळं करणारं लिक्विड मारलं तर वेल्डिंग टळेल का?

उत्तर : वरवरचा गंज असेल, घासल्यावर खाली घट्ट पत्रा लागत असेल तर हो, त्यातलं अॅसिड गंजाचा कडक थर बनवतं, त्यावर प्रायमर मारा. भोक पडलं असेल तर नाही, जो पत्राच उरला नाही तो लिक्विड कुठून आणणार. खाडीच्या खाऱ्या हवेत मात्र एक करा, दर महिन्याला साध्या पाण्याने गाडी खालून धुवा आणि दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. आणि ताडपत्री घट्ट बांधून ठेवू नका, आतला दमटपणा तिथेच राहतो.

प्रश्न : ऐरोलीहून. घरी शिकायला छोटं मिग मशिन घेतलं, गॅसशिवाय चालणाऱ्या वायरवालं. पत्र्याला नुसती भोकं पडतायत.

उत्तर : ती वायर पातळ पत्र्याला गरमच पडते. मशिनला गॅस जोडायची सोय असेल तर ०.६ मिमीची साधी वायर आणि अरगॉन-सीओटू मिक्स गॅस घ्या. पण वायर बदलली की आतली जोडणीपण उलटी करावी लागते, गॅसवाल्या वायरला गन पॉझिटिव्हला, बिनगॅसवालीला निगेटिव्हला, हे बरेच जण विसरतात. मागे तांब्याची जाड पट्टी दाबून धरा, उष्णता ती ओढून घेते आणि वेल्ड तिला चिकटत नाही. पंखा बंद ठेवा, नाहीतर गॅस उडून जातो आणि वेल्ड स्पंजासारखा होतो. गाडीला हात लावायच्या आधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर शंभर टाके मारा, मग दोन तुकडे जोडून पकडीत धरून वाकवा, जोड तुटला तर अजून शंभर.