जुन्या वॅगनआरचे अडून बसलेले कपलर न तोडता कसे काढायचे

तुमचा प्रश्न वाचला. २००४ ची वॅगनआर, सिग्नलला थांबलं की आरपीएम (इंजिनचे फेरे) वरखाली होतो, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) खोलून साफ करायचीय, पण तिच्यावरचे कपलर, म्हणजे वायरिंगचे प्लगसारखे जोड, काही केल्या सुटत नाहीत आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू का असं विचारलंय. उचकटू नका, प्लीज. वीस वर्षं इंजिनची धग खाल्लेलं प्लास्टिक आहे ते, कडक झालेलं असतं, आणि खटका, म्हणजे कपलरला धरून ठेवणारं प्लास्टिकचं लॉक, एकदा तुटला की कपलर बसतो पण धरून राहत नाही, मग खड्ड्यात गाडी आदळली की सेन्सरचा कॉन्टॅक्ट जातो, परत येतो, परत जातो, असला फॉल्ट शोधताना भलेभले इलेक्ट्रिशियन हात टेकतात. सेन्सर नवा मिळेल हो, पण या वयाच्या गाडीचं वायरिंग आहे तेच जपावं लागतं.

कपलर अडतो तो बहुतेक वेळा आपणच ओढत असतो म्हणून. खटक्याला आतून एक दात असतो, तो सॉकेटवरच्या उंचवट्यामागे अडकलेला असतो. तुम्ही ओढायला लागलात की तो दात त्या उंचवट्यावर घट्ट रेटला जातो आणि मग खटका कितीही दाबा, हलत नाही. म्हणून उलटं करा. आधी कपलर आत ढकला, चांगला दाबून, अर्धा मिलिमीटर जरी आत गेला तरी दातावरचा ताण सुटतो. तसाच आत धरून खटका दाबा, तो पूर्ण दबला की बोटाला कळतं, आणि मग खटका न सोडता सरळ बाहेर घ्या. बरेचसे हट्टी कपलर एवढ्यावरच सुटतात, खरंच करून बघा.

आता आत ढकलूनही तो हलतच नसेल तर खटक्याखाली माती बसलेली असणार. पावसाळ्यातला चिखल आणि ऑइलचा ओशटपणा मिळून तिथे दगडासारखा थर होतो, खटक्याला खाली जायला जागाच उरत नाही. जुना टूथब्रश आणि टोकदार काडीने तो थर कोरून काढा, हवा मारा, त्यावर थोडा प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर. पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर वापरू नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं आणि रबर सील फुगतं, शिवाय इंजिन गरम असेल तर पेट्रोलची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण.

हे सगळं सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, १० मिलिमीटरचा पाना लागेल. तुमच्या गाडीत एअरबॅग नसेल, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, पिवळ्या वायरिंगचे, पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, आणि तिथे टेस्टर लाइट (वायरमध्ये करंट आहे का ते बघायचा दिवा) तर कधीच लावायचा नाही.

पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. खटका कुठल्या जातीचा आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय जोर लावू नका. जागा अडचणीची असते, मान वाकडी करून दिसत नाही, अशा वेळी मोबाईल मागे घालून फ्लॅश लावून फोटो काढा, सगळं स्पष्ट दिसतं. काही खटके दाबायचे असतात, काही उचलायचे. उचलायच्या खटक्याला पुढे एक कानासारखी पट्टी सॉकेटवर आलेली दिसते, तिच्या टोकाखाली अगदी बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर सरकवून केसभर वर करायची, बस. ती दाबत बसलात तर दात आणखी घट्ट बसतो, आणि जास्त उचललीत तर पट्टी मुळातूनच तुटते. जुन्या इंजेक्टरवर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) बऱ्याचदा खटका नसतोच, इंग्रजी यू सारखी स्टीलची बारीक तार असते. काही तारा दाबल्या की सुटतात, काही हुकाने बाहेर ओढून काढाव्या लागतात. ओढायची असेल तर वर फडकं किंवा बोट धरा, नाहीतर ती टणकन उडते आणि इंजिन बेच्या तळात जाते, मग शोधा. काही कपलरना लाल किंवा पांढरं सरकणारं दुसरं लॉक असतं, ते आधी मागे सरकवल्याशिवाय मुख्य खटका दबतच नाही. ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मोठ्या कपलरला लिव्हर असते, ती फिरवली की तीच कपलरला बाहेर आणते, ओढायची गरज नाही, आणि काही गाड्यांत तिथे मधोमध बोल्ट असतो.

खटका सुटलाय, तरी कपलर येत नाही, असंही होतं. मग आतलं रबर सील चिकटलेलं असतं. त्याला ऊब द्या. बॅटरी परत जोडून गाडी पाच मिनिटं चालवून बंद करा, निगेटिव्ह पुन्हा काढा, कोमट होऊ द्या, किंवा हेअर ड्रायरने कपलर दोनेक मिनिटं शेका, प्लास्टिकही जरा नरम पडतं आणि खटका तुटायची भीती कमी होते. हीट गन नको, वायरचं इन्सुलेशन वितळवेल. मग जोडाच्या फटीत सिलिकॉन स्प्रे कापसाच्या काडीने लावा आणि थोडा वेळ जाऊ द्या. स्प्रे थेट मारू नका हां, तुमचं काम थ्रॉटल बॉडीशी आहे, सिलिकॉन आत गेलं तर पुढे सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. त्यानंतर कपलर लांबीच्या दिशेने डावीउजवीकडे अगदी थोडा हलवत हलवत काढा. वरखाली वाकवू नका, पिना वाकतात. आणि वायर धरून कधीच ओढू नका, आतलं टर्मिनल मागे सरकतं, बाहेरून सगळं जागेवर दिसतं आणि कॉन्टॅक्ट मात्र नसतो. हात पुरत नसेल तर नोज प्लायरच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून कपलरचं अंग धरा.

सुटला की आत नीट बघा. हिरवा कळंक दिसला, कोकणातल्या गाड्यांना तो हमखास दिसतो, तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. सँडपेपर अजिबात नाही, पिनेवरचा मुलामा गेला की ती आणखी लवकर खराब होते. सीलच्या रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, पुढच्या वेळी कपलर लोण्यासारखा सुटेल. आणि ते प्रेशरने इंजिन धुऊन घेणं बंद करा, पाणी सीलच्या आत घुसतं आणि बाहेर पडत नाही.

तुम्ही जाता जाता हेडलाइटचंही लिहिलंय. तो एच४ बल्बचा (अपर आणि डिपर एकाच बल्बमध्ये) कपलर वेगळा, त्याला साधारणपणे लॉक नसतं, नुसता घट्ट बसतो. मागचं रबरी बूट आधी काढायचं आणि कपलर हळूहळू डुलवत मागे घ्यायचा. येतच नसेल तर बहुतेक आतून वितळून बल्बला चिकटलाय. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे साधारण पाच अँपिअर, आणि आधीच्या मालकाने १००/९० टाकला असेल तर करंट आठच्या वर जातो, तेवढ्यासाठी ती वायर आणि तो होल्डर बनलेलाच नाही. वितळलेला होल्डर कापून सिरॅमिक होल्डर लावा आणि बल्ब ६०/५५ चाच ठेवा.

इतकं करूनही एखादा खटका तुटलाच तर घाबरू नका. तात्पुरता केबल टायने आवळा, पण टाय वायरला काचत नाही ना ते बघा. नंतर कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा पुण्यात नाना पेठेत शोधा, मात्र नुसता कपलर घेऊ नका, मागे वीतभर वायर ठेवून कापलेला घ्या. जोडताना एकेकच वायर कापा आणि जोडा, सगळे जोड एका रेषेत आणू नका, थोडे पुढेमागे ठेवा म्हणजे गाठ होत नाही. क्रिम्प करून (धातूच्या नळीत वायर घालून पकडीने दाबून) वर हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी नळी. पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं इंजिनजवळ टिकत नाही, उष्णतेने गोंद सुटतो.

परत बसवताना टक्क असा आवाज आला पाहिजे, नाही आला तर दुसरं लॉक अर्धवट पुढे आलेलं असतं, ते मागे घेऊन पुन्हा बसवा. मग कपलरचं अंग धरून हलका झटका द्या. गाडी सुरू करून आयडलिंगवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) एकेक कपलर बोटाने हलवून बघा, फॅन आणि बेल्टपासून बाही सांभाळा, हलवताना आरपीएम बदलला तर दुखणं थ्रॉटल बॉडीत नाही, त्या कपलरच्या पिनेतच आहे. बॅटरी काढल्यामुळे पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडं विचित्र वाटेल, ईसीयू नव्याने शिकत असतो, तेव्हा लगेच पुन्हा खोलायला बसू नका, दोन दिवस नेहमीसारखी चालवा आणि मग काय फरक पडला ते इथे लिहा.