कॅमेरा समोर आला की माणसं अवघडतात. त्यांना मोकळं करून चांगले पोर्ट्रेट कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की घरच्यांचे फोटो बरे येतात, पण आता ओळखीतून क्लायंट यायला लागलेत आणि ‘रिलॅक्स व्हा’ म्हटलं की ते आणखीच ताठ होतात. मी हेच काम करते, म्हणून पहिलं सांगणं हे की ते वाक्यच बंद करा. त्यातून समोरच्याला एवढंच कळतं की आपण अवघडलेले दिसतोय.

माझं मत थोडं कडू लागेल, पण हा ताठपणा बराचसा आपणच तयार करतो. माणूस येऊन उभा राहतो, आपण कॅमेऱ्यात डोकं घालून बटणं फिरवत बसतो, एक फोटो काढतो, स्क्रीनकडे बघून कपाळाला आठ्या घालतो आणि गप्प राहतो. आपल्या मनात एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याचा, हिशोब चाललेला असतो. त्याच्या मनात एकच, ‘वाईट आला वाटतं.’

म्हणून तांत्रिक भाग तो यायच्या आधीच उरकून ठेवा. माणूस नसेल तर स्वतःची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरून गोल फिरा. बोटांच्या उंचवट्यांवर उजेड-सावली कशी सरकते ते बघितलं की चेहरा कुठे वळवायचा ते कळतं. लेन्सच्या छिद्राचं माप (अ‍ॅपर्चर) एकट्या माणसाला एफ २.८, दोघांना एफ ४, ग्रुपला एफ ५.६ ही माझी सुरुवात. शटरचा वेग १/२०० सेकंदापेक्षा हळू ठेवत नाही, पळणाऱ्या मुलांना १/५००. डोळ्यांवर फोकस धरणारी सोय असेल तर ती चालू करा आणि मग कॅमेरा विसरा.

उजेडाचं थोडक्यात. घरात मोठी खिडकी, माणूस तिच्याकडे तिरका, आणि खोलीतले दिवे बंद, नाहीतर गालावर दोन वेगवेगळे रंग उतरतात. बाहेर भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, तेव्हा सावलीच्या कडेला उभं करून तोंड मोकळ्या आकाशाकडे. बुबुळात उजेडाचा ठिपका दिसला की चेहरा जिवंत वाटतो. तो नसेल तर मी क्लिक करत नाही.

आता नाकाचा प्रश्न. ‘माझं नाक फोटोत मोठं का येतं?’ हे सगळेच विचारतात. बहुतेक फोनची मुख्य लेन्स २४ ते २६ मिमीच्या आसपासची, म्हणजे वाइड, जवळूनही बरंच काही फ्रेममध्ये घेणारी असते. चेहऱ्याने फ्रेम भरायला आपण हातभर अंतरावर जातो. तिथून नाक कानांपेक्षा प्रमाणात फारच जवळ पडतं, म्हणून ते फुगतं आणि कान मागे जातात. दोष लेन्सचा नाही, अंतराचा. दीड-दोन मीटर मागे या आणि फोनवर २ किंवा ३ पट झूम वापरा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ८५ मिमी लेन्स, क्रॉप (त्याहून लहान) सेन्सरला ५० मिमी पुरते. पार्श्वभूमी छान धूसर होते म्हणून लोक २०० मिमी घेतात, पण मग आपण इतके लांब जातो की सूचना ओरडून द्याव्या लागतात, आणि ओरडणाऱ्या माणसासमोर कोण मोकळं होणार? दीड-दोन मीटरवर नेहमीच्या आवाजात गप्पा मारता येतात. मला ८५ मिमी आवडते त्याचं खरं कारण हे.

पोज सांगू नका, करून दाखवा. ‘डावा खांदा खाली, मान उजवीकडे’ म्हटलं की माणूस आधी डावं-उजवं शोधतो आणि तेवढ्यात हसू मावळतं. मी समोर उभी राहून स्वतः वळते, तो आपोआप तसाच वळतो. अंग थोडं तिरकं आणि भार मागच्या पायावर, एवढंच पुरतं. हनुवटीसाठी एक युक्ती मात्र जरूर शिका. डबल चिनच्या भीतीने लोक हनुवटी वर करतात किंवा मान मागे ओढतात, दोन्ही चूक. ‘कपाळ जरा माझ्याकडे आणा, आता किंचित खाली’ असं म्हणा. मान पुढे येते, जबड्याची रेघ स्पष्ट होते. बाजूने बघणाऱ्याला हे विचित्र दिसतं, म्हणून आधी स्वतः करून दाखवायचं. दोघंही हसता, हा वरचा फायदा. चष्मेवाल्यांच्या काचेत उजेड चमकत असेल तर कानावरच्या काड्या केसभर उचलायला सांगा. परवानगीशिवाय कुणाचे केस, कॉलर स्वतः नीट करायला जाऊ नका.

हातांना काम द्या. बाही दुमडा, घड्याळाचा पट्टा लावा, चार पावलं चालत या. जोडपं असेल तर एकाला दुसऱ्याच्या कानात काहीही बोलायला सांगा. काय बोलला ते विचारायचं नाही.

‘स्माइल प्लीज’ने अर्धंच हसू मिळतं, आणि त्याला कारण आहे. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच दाखवलं होतं की मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे उचलणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो. पहिला सांगितल्याबरोबर हलतो, दुसरा सहसा हलत नाही. म्हणून मी ‘झालं, मस्त!’ म्हणून कॅमेरा थोडा खाली घेते, पण बोट शटरवरच असतं. माणूस श्वास सोडतो, खांदे उतरतात, आणि माझ्याकडे बघून जे हसतो तो फोटो. खदखदून हसतानाचा फोटो मात्र मी टाळते, डोळे मिटतात आणि हिरड्या दिसतात. हसू ओसरू लागतं तो क्षण धरा.

घरच्यांचं गणित उलटं असतं. क्लायंट जरा जास्तच ऐकतात, घरचे अजिबात ऐकत नाहीत. मुलांच्या फोटोत खरा अडथळा मुलं नसतातच, बाजूने ‘नीट हस, हात खाली’ म्हणणारे आईबाबा असतात. त्यांना बजावा की तुम्ही फक्त कॅमेऱ्याकडे बघा, पोराकडे मी बघते. ग्रुपमध्ये कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच. सगळ्यांना डोळे मिटायला लावून ‘तीन’ म्हटल्यावर उघडायला सांगा आणि लागोपाठ पाच-सहा फोटो घ्या.

इतकं करूनही क्लायंट म्हणेल, ‘माझा चेहरा वाकडा दिसतोय.’ मनाला लावून घेऊ नका. आपण स्वतःला आरशात उलटं बघत आलेलो असतो. १९७७ च्या एका अभ्यासात लोकांना स्वतःचा आरशासारखा उलटवलेला फोटो जास्त आवडला होता, आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ. म्हणून निवड करताना घरचं कुणी सोबत असू द्या असं मी आधीच सुचवते. रिटच करताना पुटकुळी काढते, तीळ विचारल्याशिवाय नाही.

सुरुवातीचे फोटो बहुतेक वाया जातात, ते दाखवायचे नाहीत. पहिला खरोखर चांगला आला की लगेच स्क्रीनवर दाखवा, पुढचं काम अर्धं हलकं होतं. आणि शेवटी सगळं फोल्डर पाठवू नका. एकाच पोजचे दहा फोटो दिले तर माणूस दहांतही खोट काढतो, एकच द्या.