जवसाचं तेल वाळतं कसं?

प्रश्न : मुलगा बेल्जियममध्ये नोकरीला आहे. गेंट शहरातल्या सेंट बाव्हो चर्चमधल्या चित्राचा फोटो त्याने पाठवला आणि लिहिलं, "आई, हे १४३२ सालचं आहे, जवसाच्या तेलात रंगवलेलं." आमच्याकडे दरवर्षी दोन पोती जवस होतो. घाण्यावरून आणलेलं तेल बरणीत वर्षभर ओलंच असतं. मग चित्र वाळलं कसं?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, बरणीच्या पोटात नको, तोंडाशी बघा. काठावरचा ओघळ काही दिवसांत चिवट होतो, नखाने खरवडावा लागतो. चित्रातही तेच झालं. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत ते आतल्या आत गुंतत जातं आणि त्याचा कडक पापुद्रा होतो. बंद बरणीत हवाच पुरत नाही. शेंगदाण्याचं तेल कितीही ठेवा, असं वाळायचं नाही. करडईचं वाळतं, पण सावकाश. ते कमी पिवळं पडतं म्हणून पांढऱ्या रंगात चित्रकार ते वापरतात.

हे मला फजितीने शिकवलं. आर्वी तालुक्यात चित्रकला शिकवत होतो तेव्हा गावच्या देवळासाठी फळीवर मारुती काढला. घाण्यावरचं तेल, शेंदूर आणि चिमणीची काजळी, सगळं जाडजूड थापलेलं. शेंदराचं अंग चार दिवसांत खडखडीत, काजळीची शेपटी मात्र महिनाभर ओली. एक म्हातारा रोज म्हणे, "मास्तर, देवाच्या शेपटीले माशा चिकटून राह्यल्या." शेंदरात शिसं असतं, ते तेल लवकर वाळवतं (शिसं विषारी, म्हणून शेंदूर हाताळून तसंच जेवायला बसू नये). काजळी उलट वाळणं लांबवते.

गेंटचं ते चित्र पुरं करणाऱ्या यान व्हॅन आयकने असं थापलं नाही. काम त्याचा भाऊ हुबर्टने सुरू केलं होतं. तो १४२६ साली वारला आणि यानने ते पुरं केलं. ओकच्या फळ्यांवर खडू आणि सरसाचा पांढरा लेप, त्यावर काचेसारखे पातळ थर. उजेड थरांतून खालच्या पांढऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो, म्हणून मुकुटातलं माणिक आतून पेटल्यासारखं दिसतं. तैलरंग यानने शोधला असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या इटलीच्या वासारीने १५५० साली लिहून ठेवलं, ते खरं नाही. थिओफिलस नावाच्या साधूने बाराव्या शतकातच जवसाच्या तेलात रंग खलायची रीत लिहिली होती. यानचं मोठेपण हाताच्या संयमात.

चित्राच्या मधोमध एक कोकरू आहे, त्याचा चेहरा मुलाला नीट बघायला सांगा. सोळाव्या शतकात कोणीतरी त्यावर दुसरा, अगदी मेंढराचा चेहरा रंगवला होता. अलीकडच्या दुरुस्तीत तो काढला, तर खालून समोर रोखून बघणारे, माणसासारखे डोळे निघाले. लोक दचकले. मला तेच आवडतात. डावीकडची खालची फळी मात्र नक्कल आहे. मूळची १९३४ साली चोरीला गेली, ती अजून सापडलेली नाही.

घरी करून बघणार असाल तर थर पातळ ठेवा. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं, ढिगातल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. पसरून मोकळ्या हवेत वाळवा, गोठ्यातल्या कुटारापासून लांब.