तोतलाडोहची वीज महावितरण कोणत्या अधिकारानं विकत घेऊन आपल्याला विकते?

प्रश्न रास्त आहे. आम्ही पण रामटेक तालुक्यातलेच. तोतलाडोह धरण इथं, अन् बिल पाहिलं की घाम फुटतो.

अधिकार येतो वीज कायदा 2003 मधून. पूर्वी आपल्याकडे वीज बनवणं, वाहून नेणं, विकणं हे सगळं एकट्या राज्य वीज मंडळाकडे होतं. 2005 मध्ये त्याचे तुकडे पडले: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. महावितरणकडे वितरणाचा परवाना आहे, आणि असा परवाना असणाऱ्याला वीज व्यापारासाठी वेगळा परवाना लागत नाही. मात्र भाव तिच्या मर्जीचा नाही. कलम 86 प्रमाणे कोणाकडून, किती दरानं घ्यायची यावर राज्य वीज नियामक आयोगाची नजर असते. ग्राहकाचा दरही तोच ठरवतो.

आता तोतलाडोहचा पेंच जलविद्युत प्रकल्प. 160 मेगावॅटचा, मध्य प्रदेशसोबत सामायिक. आपला वाटा फक्त एक तृतीयांश. तीही वीज थेट गावात उतरत नाही. ती ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्यात जाते, तिथं कोळशाची, सौर, सगळीच मिसळते. पाण्याची वीज स्वस्त असली तरी आपल्याला पडतो तो सगळ्यांचा मिळून सरासरी भाव. वर बिलात ‘वहन आकार’ अशी वेगळी ओळ असते बघा, ती तारांच्या जाळ्याचं भाडं. त्याशिवाय स्थिर आकार अन् वीज शुल्क.

वीज बनवणाऱ्याकडून थेट घ्यायची सोय आहे, मुक्त प्रवेश म्हणतात, पण ती मोठ्या ग्राहकांसाठी. पाच एचपीच्या मोटारवाल्याला तिचा काय उपयोग?