नुसतं खाऊपिऊ घातलं की झालं?

प्रश्न: लेक दीड वर्षाची, मी ऑफिसला अन् ती पाळणाघरात. सासूबाई म्हणतात पोट भरलं की पोरं आपोआप वाढतात. खरंच का हो?

उत्तर: नाही ताई. रोमानियातली अनाथालयं १९८९ नंतर जगासमोर आली, तिथे पोरांना दूध मिळायचं पण उचलून घेणारं, बोलणारं कुणीच नाही. मग २००० पासून तिथल्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, अशा १३६ मुलांचा अभ्यास झाला, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी निवडून कुटुंबांत पाठवली (हे मला आजही खटकतं), आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंबात गेली ती बुद्धीने, मायेने जास्त सावरली. पण घाबरू नका, पाळणाघर म्हणजे अनाथालय नव्हे, तिथल्या मावशी तिच्याशी गप्पा मारतात का, एका मावशीकडे किती पोरं, तेवढं बघून या.